साडेचारची जागतिक मैत्री

मोठ्या सरांना पाटी हवी होती. पितळेची, फाटकावर ठसठशीत दिसेल अशी, आणि तिच्यावर ‘जागतिक जाणीव जपणारी शाळा’ असं कोरलेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेला ती गेल्या वर्षी मिळाली होती आणि तेव्हापासून मोठे सर तो रस्ता टाळून बाजारातून वळसा घालून घरी जात. इथं मुतारीच्या दाराला कडी नव्हती, प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला डावा हात नव्हता, पण सातासमुद्रापलीकडे संबंध जोडायची घाई झाली होती. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

हे लोढणं कुणाच्या गळ्यात पडणार? भूगोलाच्या सरांच्या. जग त्यांच्या विषयात येतं, एवढाच त्यांचा गुन्हा. काखेत सदा नकाशाची गुंडाळी असायची म्हणून अख्खी शाळा त्यांना नकाशे सर म्हणे. खरं आडनाव काय ते पगारपत्रकात उरलं होतं. नकाशे सर सहा वर्षं हंगामी होते. शाळा सुरू झाली की नेमणुकीचा कागद, शाळा संपली की निरोपाचा. सासरे फोनवर आधी ‘कायम झालात का’ विचारत आणि मग तब्येत. या खेपेला मात्र संस्थेनं ठराव केला होता: ही पाटी मिळवून देणाऱ्या संपर्कप्रमुखास सेवेत कायम करण्यात यावे. ठरावात नाव नव्हतं, पण शाळेत दुसरा संपर्कप्रमुख होता कोण? सरांनी ठराव तीनदा वाचला, बायकोनं पाचदा, आणि त्याची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

परदेशातली शाळा गाठणं सोपं गेलं. तिकडच्या एका उत्साही मास्तरानं मेलला उत्तर दिलं, सभागृहात कॅमेऱ्याचा संगणक बसवला, त्यावर ‘घंटी वाजली की हे बटण दाबावे’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि पंधरवड्यात बदली घेऊन दुसऱ्या शाळेत गेला. त्यात वेळेचा घोळ. इकडे शाळा सुटायचे साडेचार, तेव्हा तिकडे सकाळचे सहा. भूगोलाच्या मास्तराला हे आधी सुचू नये? नाही सुचलं खरं. संपर्काला साडेचार ते पाच एवढा अर्धा तासच हाती उरला.

अडगळीच्या खोलीतली मोडकी बाकं हलवली, दारावर ‘संपर्क कक्ष’ लिहिलं आणि नववीतल्या दहा मुलांचं मंडळ बसवलं. पहिल्या दिवशी घंटी वाजली, पडदा उजळला. लांबलचक सभागृह, टेबलांवर उलट्या घातलेल्या खुर्च्या, आणि निळ्या कोटातली एक बाई लांब दांड्याच्या फडक्यानं फरशी पुसतेय. तिनं बटण दाबलं, मान लववली आणि पुन्हा पुसायला लागली. दुसरं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या शाळेत आठच्या आत तिच्याशिवाय चिटपाखरू फिरकत नव्हतं.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या सरांना सांगावं तर सगळंच बोंबलायचं. तिसऱ्या दिवशी मोठे सर घरी निघता निघता दारातून डोकावले. निळा कोट, ताठ पाठ, हातात काठी, एकटीच सभागृहाची पाहणी करतेय, म्हणजे या तिथल्या मुख्याध्यापिका, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवूनही टाकलं. काय ही शिस्त, म्हणाले, आपल्याकडे सहाला कोण येतं. नकाशे सर नुसतं “हो सर” म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठवड्याभरात त्या बाईचा फोटो चौकटीत बसून कार्यालयात लागला आणि मोठे सर येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांना तो दाखवू लागले.

आता मावशी. मावशी म्हणजे शाळेची झाडलोट करणारी बाई, एकोणीस वर्षं रोजंदारीवर, म्हणजे हंगामीपणात नकाशे सरांची मोठी बहीण. शाळा आपण चालवतो असं मोठ्या सरांना वाटायचं. पण किल्ल्या मावशीकडे, घंटा मावशीकडे, कुठल्या पोरानं डबा आणला नाही आणि कुठल्या पोरीचे डोळे रडून सुजलेत ही खबर मावशीकडे. साडेचारला ती झाडू घेऊन संपर्क कक्षात शिरायची आणि “पाय उचला” म्हणायची. मुलं पाय उचलायची. सरही मुकाट उचलायचे.

पहिल्यांदा पडदा पाहिला तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अगं बाई, तो कोपरा राहिला,” आणि बोटानं दाखवलं. भाषा कळायचा प्रश्न नव्हता, बोट कळलं. पलीकडची मागे फिरली, कोपरा पुसला, आणि मग आपला दांडा उंच करून मावशीच्या डोक्यावरचं कोळ्याचं जाळं दाखवलं. एकोणीस वर्षांत मावशीला चूक दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती. तिनं वर पाहिलं, जाळं काढलं, आणि त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

चार महिने हेच चाललं. पलीकडचीचा उजवा गुडघा दुखतो हे कळल्यावर मावशीनं मीठ भाजून त्याची पुरचुंडी कशी करायची, गुडघा कसा शेकायचा, ते सगळं हातवाऱ्यांनी दाखवलं. पलीकडचीनं फरशी पुसायच्या आधी खुर्च्या टेबलावर उलट्या कशा घालायच्या ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मावशीनं नववीकडून रोज बाकं उचलून घेतली. बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम कसं खरवडायचं यावर तर दोघींची अख्खे तीन दिवस चर्चा झाली. मुलं मधे बसून हसून हसून बेजार व्हायची आणि घरी जायला तयार नसायची. नकाशे सर वहीत नोंद करायचे: आज स्वच्छतेच्या पद्धतींची देवाणघेवाण झाली. खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी सरांना रोज सही करताना घाम फुटायचा.

शेवटी घोडामैदान जवळ आलं. पाटीसाठी शाळेची तपासणी करायला मॅडम येणार, आणि त्या दिवशी तिकडचे वरिष्ठही पडद्यावर हजर राहणार, असं पत्र आलं. मोठ्या सरांनी कोट चढवला, फुलांचा गुच्छ आणवला आणि मावशीला बजावलं की पाचपर्यंत त्या खोलीकडे फिरकायचं नाही. मावशी “बरं” म्हणाली. तिच्या ‘बरं’चा अर्थ होकार नसतो, हे मोठे सर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

साडेचारला पाच मिनिटं असताना घंटी केली. पडद्यावर टाय लावलेले, डोळ्यांवरची झोप न गेलेले एक साहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्या शेजारी निळ्या कोटातली उभी होती, कारण बटण कुठलं ते तिलाच ठाऊक. मोठ्या सरांनी टायवाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निळ्या कोटाला लवून त्यांनी “आदरणीय मुख्याध्यापिका” असं भाषण सुरू केलं. टायवाले साहेब चक्रावले. त्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण आणि तुमच्या मुख्याध्यापिका बाई कुठे आहेत? त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथं चौकटीत मावशी होती. हातात झाडू, नजर करारी. खाली तिकडच्या भाषेत दोन ओळी होत्या.

तपासणीच्या मॅडमना ती भाषा चांगली येत होती. त्यांनी चष्मा सावरून त्या ओळी मोठ्यानं, मराठीत वाचल्या: “आमच्या मैत्रशाळेच्या मुख्याध्यापिका.”

मोठ्या सरांचा चेहरा उतरला. “ती आमची झाडूवाली आहे हो,” ते म्हणाले. टायवाल्यांनी विचारलं, काय म्हणाले ते? दुभाषे नकाशे सरच. मॅडम शेजारी कान देऊन बसलेल्या, तेव्हा थापही मारता येईना. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? सरांनी सगळं ओकून टाकलं. ती बाई आमची शाळा झाडते. तुमच्याकडे शाळा पुसणाऱ्या या बाई आमच्या कार्यालयात मुख्याध्यापिका म्हणून टांगल्या आहेत. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.

टायवाल्यांनी निळ्या कोटाकडे पाहिलं. ती म्हणाली, तो फोटो मीच पडद्यावरून काढून लावला, मला कुणी काही विचारलं नाही. ती बाई आली की सगळे पाय उचलतात, मास्तरसुद्धा, मग दुसरं कोण असणार? एवढं बोलून ती दांड्यावर रेलून इतकी हसली की कोटाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले.

तेवढ्यात साडेचार वाजले. दार ढकलून मावशी आत आली. कोण बसलंय, काय चाललंय, काही पाहिलं नाही. “पाय उचला,” म्हणाली. मॅडमनी पाय उचलले. मोठ्या सरांनी गुच्छासकट उचलले. पलीकडेही फडकं फिरत फिरत खुर्चीपाशी आलं आणि टायवाल्यांनी आपले पाय उचलले. थोडा वेळ दोन देशांचं शिक्षणखातं पाय वर करून बसलं होतं.

मग मॅडमनी मुलांना विचारलं, काय शिकलात? एक पोरगी उठली आणि सुटलीच. तिथंही पोरं बाकाखाली च्युइंगगम चिकटवतात. त्या मावशींना एक नात आहे, एवढी उंच. थंडीत त्यांचा गुडघा जास्त दुखतो. आमच्या मावशींचा पण दुखतो, पण ते आम्हाला, त्यांनी तिकडच्या मावशींना सांगितलं तेव्हा कळलं. हे शेवटचं ऐकून मावशीचा झाडू जरा थांबला. मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या की पाटीच्या नियमात ‘सातत्यपूर्ण संपर्क’ हवा असं लिहिलंय, बाकीच्या शाळांत एक फोटो आणि एक भाषण दाखवतात, इथं चार महिन्यांत एक दिवस खाडा नाही. पाटी देता येईल. फक्त एक रकाना उरलाय. संपर्कप्रमुख म्हणून कुणाचं नाव लिहू?

“नकाशे सरांचं,” मोठे सर घाईघाईनं म्हणाले. पाटीसाठी ते आता कुणाचंही नाव द्यायला तयार होते.

“मी त्यांना विचारतेय,” मॅडम म्हणाल्या.

नकाशे सरांना कपाटाचं दार दिसलं. सासरे दिसले. सहा वर्षांचे निरोपाचे कागद दिसले. स्वतःचं नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, नुसते ओठ उघडायचे होते. समोर नोंदवही पडली होती, प्रत्येक पानावर सही त्यांची आणि प्रत्येक ओळीत काम मावशीचं. आणि मावशी कोपऱ्यात वाकून केर भरत होती, तिला या रकान्याचा पत्ताही नव्हता.

“मी रोज मशीन चालू केलं आणि पाय उचलले,” ते म्हणाले. “संपर्क मावशींनी ठेवला. त्यांचं नाव लिहा.”

बोलून झालं आणि त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण मॅडमचं पेन तोवर चाललंही होतं.

पाटी आली. संस्थेनं ठरावातून पळवाट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण पत्रावर संपर्कप्रमुखाचं नाव छापलेलं, आणि ठरावात ‘शिक्षक’ हा शब्द घालायला कुणाला सुचलं नव्हतं. एकोणीस वर्षांनी मावशी कायम झाली. नकाशे सरांना शाळा संपल्यावर नेहमीचा निरोपाचा कागद मिळाला, शाळा सुरू झाल्यावर नेहमीचा नेमणुकीचा. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की तुम्ही अगदीच बावळट आहात, आणि ताटात जरा जास्तच वाढलं. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा सर म्हणाले, आमच्यातलं एकजण झालं.

नव्या वर्षातल्या पहिल्या साडेचारला घंटी वाजली. पलीकडचीनं भुवया उंचावून विचारलं, काय झालं? मावशीनं हवेत शिक्का मारून दाखवला आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून उभी राहिली. पलीकडचीनं दांडा टाकून टाळ्या पिटल्या. मग तिनं बोट नकाशे सरांकडे केलं. मावशीनं तळवा आडवा धरून डुगडुगवला. दोघी त्यांच्याकडे इतक्या कळवळून बघू लागल्या की सरांना कुठं तोंड लपवावं कळेना.

“सर,” मावशी म्हणाली, “यंदा कसली पाटी असते ते शोधून ठेवा. प्रमुख म्हणून तुमचं नाव मी सांगते. आता मी कायम आहे, माझं ऐकावंच लागेल.” आणि झाडू पुढं सारत म्हणाली, “तोवर पाय उचला.”

सरांनी उचलले.