काढलेली हवा

शनिवारी सकाळी उपेंद्रने दूध आणायला गाडी सुरू केली आणि समोरच्या पडद्यावरचे टायरमधल्या हवेचे आकडे पुन्हा एकदा वाचले. काल दुपारी उन्हातून येताना याच चाकांत एकोणचाळीस दिसत होते, आता तेहेतीस. गाडी रात्रभर जागची हलली नव्हती, टायरही धडधाकट होते. ऊन उतरलं तसा आकडा उतरला होता, एवढंच.

म्हणजे मिहिकाच्या बाईकचा आकडाही काल उन्हानेच चढला होता!

मिहिका त्याची थोरली. शिकली-वाढली इथेच, अमिरातीत; नोकरी अबू धाबीत, राहणं तिथल्याच अल रीम आयलंडवर. तिने मोटरसायकल घेतली तेव्हापासून बापलेकीत धड बोलणं नव्हतं. "पोरीच्या डोक्यात हवा गेलीय," असं हा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, तेही तिच्यादेखत. तरी काल ती उम्म अल कुवैनला आईवडिलांकडे मुक्कामाला आली होती, कारण पहाटे इथूनच निघून मित्रमंडळींबरोबर तिला रास अल खैमातल्या जेबेल जैस डोंगराचा घाट चढायचा होता.

काल भर दुपारी ती आत झोपलेली असताना उपेंद्रने अंगणात तापलेल्या बाईकची हवा मोजली. साखळीजवळच्या कंपनीच्या स्टिकरवर होता त्यापेक्षा आकडा बराच वर. आता हा माणूस मूळचा अकोल्याचा. तिथल्या मे महिन्यात सायकलची ट्यूब फटाक्यासारखी फुटते, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, हे बाळकडूच. त्याने स्टिकरइतकी होईतो हवा काढली आणि वर खबरदारी म्हणून आणखी थोडी. फुस्स आवाज झाला तेव्हा त्याला जरा बरंही वाटलं. सांगायला जावं तर लेक फणकारणार, म्हणून तो गप्प बसला.

आता तिला फोन लावला, तर वाजून वाजून बंद. बाईकवर असताना ती फोन उचलत नसे. एरवी या नियमाचं तो मनातून कौतुक करायचा, आज त्याच नियमाचा त्याला राग आला. दूध राहिलं बाजूला, गाडी रास अल खैमाच्या रस्त्याला लागली. मऊ पडलेली चाकं आणि घाटातली वळणं डोळ्यांपुढून हलेनात. कुणी सांगितला होता हा आगाऊपणा?

तेवढ्यात बायकोचा, सुलक्षणाचा फोन. "अहो, दूध आणायला गेलात की म्हैस?"

"इथलं खलास झालं होतं. पुढे बघतो," तो म्हणाला. हेल्मेट घातलेलं कुणी दिसलं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता.

घाटाचा पायथा जवळ आला आणि मिहिकाचा फोन आला. "बाबा! एवढे मिस्ड कॉल्स? आई ओके आहे ना?"

"आहेस तिथेच थांब. तुझ्या चाकांत हवा कमी आहे. काल मी काढली."

"आय नो."

"काय?"

"निघण्याआधी मी ऑलवेज चेक करते, टायर थंड असताना. पंप आहे माझ्याकडे. भरली मी."

उपेंद्रने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. "अगं, मग मला उठवून ओरडायचंस तरी!"

"काय ओरडणार? मला वाटलं, मी जाऊ नये म्हणून तू काढलीस. पंप मारताना रडत होते मी, बाबा."

नाही गं, असं ओठांवर आलं होतं. पण तो फुस्स आवाज त्याला आठवला.

"टायर फुटेल म्हणूनच काढली," तो म्हणाला. "पण काढताना बरं वाटलं, हेही खरं. चुकलो."

पलीकडे कुणीतरी "यल्ला, चल मिहिका!" म्हणून हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण फोन ठेवला नाही.

"किती ठेवायची असते गं हवा?" त्याने विचारलं.

"पुढे छत्तीस, मागे बेचाळीस."

"आणि उन्हात?"

"उन्हात काढायची नाही, बाबा. थंड होऊ द्यायचं, मग बघायचं." तिचा आवाज निवळला होता. "दुपारी येते जेवायला. तोवर बाईकला हात लावता येणार नाही तुला."

"नाही लावत," उपेंद्र म्हणाला, आणि दूध घ्यायला गाडी वळवली.