डंक आणि पिंपातले बेडूक

ब्याण्णव साली इंद्रजीतच्या पनवेलच्या खोलीत एक पिंप होतं, पिंपात बिकानेरची वाळू आणि वाळूत सहा बेडूक निजलेले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मुलाला स्थळं का येत नाहीत, हे त्याच्या आईला कळत नव्हतं. शेजाऱ्यांना कळलं होतं.

हे बेडूक मागच्या पायांनी उकरत पाठमोरे खाली जातात. मग कातडीची सुकी पिशवी पांघरून, पोटातल्या पाण्यावर, मेल्यासारखे पडून राहतात. पाऊस त्यांना दिसत नाही. जमीन थरथरली की ‘आला’ म्हणून वर यायचं. वर येऊन पाणी नसेल, तर संपलं.

आणि भिंतीपलीकडे भामाताईंचा मसाला कुटायचा विजेचा डंक. खोली घेतली जानेवारीत, तेव्हा भिंत गप्प होती. एप्रिल लागला, कोन-शिरढोण गावांच्या बाया भाजलेल्या मिरच्या घेऊन आल्या आणि लोखंडी मुसळं दिवसभर आदळू लागली.

"भामाताई, पाऊस लागेपर्यंत डंक बंद ठेवाल?"

"का? कोन मेला?"

"अजून कुणी नाही. बेडूक झोपलेत."

"आमचा मालक पन झोपलाय घरात. त्याला काय होत नाय."

मे महिन्यात एका दुपारी वाळू हलली. सहा डोकी वर आली. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. अंगावरची जुनी कातडी ओढून ते सावकाश गिळू लागले, सदरा काढून खावा तसे. आत नुसत्या सुरकुत्या. पाणी घातलं तर ते पाण्यावाचून किती तगतात हा दोन वर्षांचा प्रयोग बुडणार, नाही घातलं तर बेडूक जाणार. इंद्रजीतने बादली ओतली.

पोटाच्या कातडीने पाणी शोषून ते टरारून फुगले. मग पहिला ओरडला, धप्प. दुसरा, धप्प. बेडूक असं ओरडत नाही, हे इंद्रजीतला पदवीनिशी माहीत होतं.

इतक्यात वीज गेली. मुसळं थांबली. धपधप चालूच.

दारात शिरढोणच्या सखूबाई मिरच्यांची पिशवी घेऊन उभ्या, मागे डंकावरची रांग. "तुमच्याकडं लाइट हाय वाटतं. घ्या मिरची."

"मावशी, इथे डंक नाही."

"मंग कुटतंय कोन?"

गर्दीतून भामाताई आत आल्या. पिंपात एकेक बेडूक पाठमोरा वाळूत शिरत होता. शेवटचा दिसेनासा झाला. पिंपाला तळ होता, तरी धपधप आता फरशीखालून येत होती.

"जगतील ना?" इंद्रजीतने विचारलं.

भामाताईंनी फरशीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ ठेवला.

"ते जगतील," त्या म्हणाल्या. "पन ह्यो डंक आता बंद व्हायचा नाय. तुमी खोली बदला, मास्तर."