म्हातारीला फुटलेला पाझर

सकाळी तळ्याकाठच्या मैदानावर जुन्या कॅम्परगाड्या गोलाकार उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीच्या मागे चांगली मोठी, शिकलीसवरली माणसं गुडघे टेकून, माना वाकड्या करून गाडीखाली बघत होती. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "फुटला, पाझर फुटला," असं एकजण दुसऱ्याला दबक्या आवाजात सांगत होता. मीही वाकून पाहिलं. इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीवर लाल सुती दोरा गुंडाळला होता आणि तो ओलाचिंब झाला होता. पेट्रोलचा वास नाकात शिरत होता. माझ्या मते हे तिथून लांब पळण्याचं कारण होतं. बाकीच्यांनी हात जोडले होते.

कॅम्परगाडी म्हणजे चाकांवरची खोली. पडदे, ओटा, गॅसची शेगडी, झोपायला गादी, सगळं आत. जुन्या गाड्यांत इंजिन मागच्या बाजूला असतं आणि गादी बरोबर त्याच्या वर. या गाड्यांचे मालक स्वतःची गुडघेदुखी वर्षानुवर्षं अंगावर काढतात, पण गाडी शिंकली तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. माझा मामा त्यातलाच. त्याच्या गाडीचं नाव म्हातारी. त्याने ते लाडाने ठेवलंय. दुसऱ्या कुणी उच्चारलं तर फुगून बसतो.

यंदाच्या मेळाव्यात मामा, मामी, त्यांची पहिलीतली नात आणि मी असे आलो होतो. नातीला सगळे बटण म्हणतात. परतीचा प्रवास घाटातून होता आणि बटण मागच्या गादीवर झोपून जाणार होती.

मैदानात आल्याआल्या आम्हाला नळीबाबा दिसले. हे नाव माझं. भक्त त्यांना नुसतं गुरुजी म्हणत. अंगात मेकॅनिकचा पांढराशुभ्र पोशाख, त्यावर तेलाचा एक डाग नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता, आणि आलाही. त्यांच्या प्रवचनाचा सारांश असा, की गाडी ही वस्तू नाही, जीव आहे. इंधनाची नळी ही नळी नाही, नाळ आहे. ती बदलायची म्हणजे गाडीची नाळ तोडायची. त्यापेक्षा तिच्यावर मंतरलेला दोरा बांधा. गाडीला तुमची माया पटली, की तिला पाझर फुटतो, दोरा भिजतो, आणि त्या मायेच्या थेंबाला आग शिवत नाही. जवळ लाल नळकांडं, म्हणजे आग विझवायचं, ठेवू नका. तो गाडीवर अविश्वास झाला. दोऱ्याचं मोल आपखुशीने द्यायचं होतं, पण खुशी कमी पडली तर गुरुजी दोरा देताना हात आखडता घेत.

यानंतर चमत्कार. त्यांनी एक पितळी वाटी पहिल्या रांगेतल्यांच्या नाकाखालून फिरवली. पेट्रोलच, सगळ्यांनी मान डोलावली. वाटीत दोऱ्याचं टोक बुडवलं, डोळे मिटले, ओठ हलवले आणि पेटती काडी सरळ वाटीत टाकली. चुर्र असा आवाज झाला आणि काडी विझली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मामाच्या टाळ्या सगळ्यांत जोरात.

मामी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. घरीही शिकवतेच, त्यामुळे तिचं म्हणणं मामाच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघून जातं. निघण्यापूर्वी म्हातारीची नळी बदलायची म्हणून तिने नवी नळी आणि आवळायच्या पट्ट्या एका पिशवीत बरोबर आणल्या होत्या. मामाने त्या पिशवीला हात लावू दिला नाही. उलट स्वतः गाडीखाली सरपटत जाऊन दोरा बांधला आणि लाल नळकांडं कपाटात छत्र्यांच्या मागे कोंबलं. दुपारी दोरा भिजला तेव्हा तो गाडीखालून बाहेर आला तो पहिल्यांदा बाप झाल्यासारखा.

"अगं, पाझर फुटला," तो मामीला म्हणाला. "आपल्या म्हातारीला."

मामी काही बोलायच्या आत बटण गाडीतून उतरली. मागच्या गादीवर पडलं की डोकं दुखतं, म्हणाली, आणि मळमळतं. मामा तिला समजावू लागला, की तो मायेचा वास आहे, सवय होईल. मला त्याचा राग आला. ज्या नातीला सर्दी झाली तरी हा माणूस रात्रभर जागतो, तिला तो पेट्रोलची सवय करायला सांगत होता.

मामीला राग आला की ती आवाज चढवत नाही, फळा पुसायला घेते. इथे फळा नव्हता. तिने बटणला माझ्या हातात दिलं आणि म्हातारीपासून लांब न्यायला सांगितलं. नंतर पेट्रोलचा खटका बंद केला, कात्रीने तो भिजलेला दोरा कापला, एका पत्र्याच्या ताटलीत ठेवला आणि चिमट्याने ती ताटली धरून थेट नळीबाबांच्या पुढ्यात गेली. छत्र्यांमागचं लाल नळकांडंही तिने काखेत घेतलं होतं. वर्गात प्रयोगापूर्वी मुलांना मागे सरकवतात तसं तिने सगळ्यांना मागे सरकवलं.

"गुरुजी, दोरा तुमचा, मंत्र तुमचा," ती म्हणाली. "हा मायेचा थेंब. लावा काडी."

नळीबाबा हसले. म्हणाले, श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते. मामी म्हणाली, सकाळी वाटीत घेतलीत की. ते म्हणाले, ती वेळ वेगळी होती. मामीने ताटली मोकळ्या जागेत मातीवर ठेवली, तर ते दोन पावलं मागे गेले. तिने काडीपेटी पुढे केली, तर आणखी मागे. शेवटी ते आपल्याच गाडीला टेकले. मग मामीनेच लांब काठीच्या टोकाला काडी बांधून पेटवली आणि ताटलीकडे नेली.

काडी टेकायच्या आधीच भडका उडाला. दोरा भसकन पेटला आणि ज्योत कंबरेएवढी वर गेली. मामीने शांतपणे ती विझवली. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"सुती दोरा, पेट्रोलमध्ये भिजलेला," मामी म्हणाली. "याला आपण वात म्हणतो. तुम्ही सगळ्यांनी तापलेल्या इंजिनाशेजारी वाती बांधल्या आहेत."

मामाने तरीही वाटीचा मुद्दा काढला. वाटीत तर पेट्रोल होतं, वास त्याने स्वतः घेतला होता. मामीने ती पितळी वाटी उचलली, त्याला बोट बुडवायला लावलं आणि थांबायला सांगितलं. पेट्रोल असतं तर बोट गार पडून बघता बघता कोरडं झालं असतं. मामाचं बोट तेलकट ते तेलकटच राहिलं. वाटीत डिझेल होतं, फक्त तिच्या काठाला पेट्रोलचा बोळा फिरवलेला. गार डिझेलमध्ये काडी टाकली की ती पाण्यात टाकल्यासारखी विझते. कुणीतरी तेवढ्यात वाकून नळीबाबांच्या गाडीखाली डोकावलं. तिथे दोरा नव्हता. नवीकोरी नळी होती, घट्ट आवळलेली, आणि दारापाशी दोन लाल नळकांडी.

"स्वतःच्या गाडीची नाळ तोडलीत होय?" ज्या बाईंच्या डोळ्यांत सकाळी पाणी होतं, त्यांनी विचारलं. गुरुजींना अचानक पुढच्या गावचं बोलावणं आठवलं.

मामा म्हातारीखाली गेला आणि जुनी नळी काढून बाहेर आला. वरून ती धडधाकट दिसत होती. जुन्या नळ्यांवर कापडी वीण असते, तिच्याखाली रबर कधी वाळलं ते कळतच नाही. त्याने ती जराशी वाकवली, तर तिचे दोन तुकडे झाले. तो तुकड्यांकडे बघत राहिला, मग त्याने गाडीच्या मागच्या काचेतून आत बघितलं. नळी होती त्या जागेच्या बरोबर वर बटणची उशी होती. मामा तिथेच मातीत बसला. इतक्या वर्षांत त्याला मी रडताना पाहिलं नव्हतं.

बटणने त्याच्या शेजारी बसून विचारलं, "आजोबा, गाडीची नाळ तुटली म्हणून रडताय?"

"नाही गं," मामा म्हणाला. "तुटली नसती तर."

त्या संध्याकाळी गुरुजींची सोडून मैदानावरची एकही गाडी हलली नाही. मामी एकेका गाडीखाली आणि मामा पकडी हातात देत बाहेर, असं पुष्कळ वेळ चाललं होतं.

वाचकहो, जुन्या गाडीवर प्रेम खुशाल करा, तिला नाव द्या, तिच्याशी बोला. पण पेट्रोलचा वास आला की इंजिन बंद करा, माणसं खाली उतरवा आणि नळी बघा. हात जोडायचेच असतील तर त्यानंतर भरपूर वेळ असतो. आधी जोडत बसलात, तर तो मिळेलच असं नाही.