कंसातला शब्द

विषय: अनुक्रमांक सातच्या नावापुढील कंसातला शब्द वगळण्याबाबत.
संदर्भ: क्रीडाशिक्षिका श्रीमती ममता वरठा यांचा १७ जूनचा अर्ज.

उपरोक्त विषयी मीच निवेदन करतो, कारण तो शब्द माझ्याच अंगावर आहे. मी सिल्वासातल्या एका मराठी शाळेचा हजेरीपट. शिक्षक मला मस्टर म्हणतात.

माझा जन्म नक्कल होऊन झाला. दर डिसेंबरात आमचे कारकून जयवंतराव जुना मस्टर समोर ठेवतात आणि नव्यात नावं उतरवतात. विचार करणं त्यांच्या कामात येत नाही.

चार वर्षांपूर्वी खडोलीच्या ममताबाईंना टीबी झाला. रजा लक्षात राहावी म्हणून जयवंतरावांनी नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं, (आजारी). आठ महिन्यांत बाई बऱ्या होऊन कामावर आल्या. डिसेंबरात नक्कल झाली, शाईनं. तेव्हापासून प्रत्येक मस्टरात त्या ‘ममता वरठा (आजारी)’ आहेत.

वास्तविक रोज सकाळी पहिली सही त्यांची. मग मैदानावर मुलींचा खो-खो. त्यांची शिट्टी मला कपाटात ऐकू येते. पण स्पर्धेला संघ निघाला की सोबतच्या शिक्षकाचं नाव माझ्यावरून ठरतं. तीन वर्षं संघ घडवला बाईंनी आणि नेला दुसऱ्यांनीच.

यंदा जूनमध्ये त्या जयवंतरावांच्या टेबलापाशी आल्या. “भाऊसाहेब, टीबी मला झालेला. माझ्या नावाला नाय.”

“बाई, मी का तुमचा वैरी आहे? अर्ज द्या. सोबत आजारी नसल्याचा दाखला जोडा.”

दवाखान्यात डॉक्टर हसले. म्हणाले, “मी आजाराचा दाखला देतो. तुमचा केसपेपर कधीच बंद झालाय.”

बाईंनी अर्ज दिला, दाखल्याविना. आणि शिट्टी घेऊन मैदानावर गेल्या.

माझंही सांगतो. पावसाळ्यात माझी शिवण उसवली. शिपाई झिपरूनं दाभण घेऊन मला पुन्हा टाचलं. आता सगळे मला ‘तो फाटका’ म्हणतात, सह्या मात्र माझ्यातच करतात. शिवल्यावर मी पहिल्यापेक्षा सपाट उघडतो, हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

नोव्हेंबरात दमणची स्पर्धा आली. जयवंतरावांनी सवयीनं प्रसाद सरांचं नाव सुचवलं. मुख्याध्यापिका अलकाबाई मूळच्या चिपळूणच्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “प्रसादला खो-खोत किती खेळाडू बसतात ते तरी ठाऊक आहे का हो? ममता जाईल.”

“पण मॅडम, नोंदीनुसार त्या...”

“नोंदीनुसारच पाठवा.”

पाठवलं. आदेशात नाव पूर्ण टाइप झालं, कंसासकट. दमणला नोंदणीच्या टेबलावरचा माणूस विचारू लागला, “वो बीमार मॅडम किधर हैं?” बाई मैदानाच्या कडेला ओरडून ओरडून घसा बसवून उभ्या होत्या. “मीच ती,” त्या म्हणाल्या, “लवकर बोला, आमचा डाव चालू आहे.” ही हकिकत झिपरूकडून कळली. संघ दुसरा आला. बाईंच्या मते पहिला यायला हवा होता.

आज डिसेंबरची अठ्ठावीस तारीख. तीन दिवसांनी मी रेकॉर्डच्या खोलीत, वाळवीच्या ताब्यात जाईन. जाता जाता कारकून मंडळींना एकच विनंती. पेन्सिलीनं लिहिलेलं वेळेवर खोडत चला.

नवा मस्टर टेबलावर उघडा आहे. सात नंबरला जयवंतरावांचा हात थांबला. माझं पान त्यांनी दोनदा पाहिलं. मग लिहिलं ‘ममता वरठा’ आणि पुढे रिकामा कंस, पेन्सिलीनं.

बाहेर शिट्टी वाजते आहे. अर्ज प्रलंबित आहे.