झुंबरबाईंची वाटी

पोर एकवीस दिवसांची झाली, त्या सकाळी माझ्या सासूबाईंनी माझं दूध वाटीत मोजलं.

थट्टा नाही, खरंच मोजलं. खोलीत शेजारच्या भिकुबाई होत्या, एक चुलत जाऊ होती, आणि बाळ बघायला आलेल्या दोन बायका, ज्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. सासूबाईंनी स्टीलची वाटी पुढे धरली आणि म्हशीच्या सडाला लावावा तसा सरावाचा हात मला लावला. चार थेंब आले. पाचवा काही येईना. सगळ्याजणी वाकून बघत होत्या आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"वाटीनं बूड भी झाकायनं नही," सासूबाई म्हणाल्या. "हिले दूधच नही शे."

झालं. झुंबरबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगितलं की गावानं मान्य केलं. धुळ्यापासून तासाभरावरच्या आमच्या गावात दुधाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. चाळीस वर्षं म्हशी पिळल्यात त्यांनी. कुणाची म्हैस लाथ मारते, कुणाची आटली, लोक त्यांनाच बोलावतात. मी बोदवडची. आई मी अकरावीत असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच झालं. माझ्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नव्हतं. भूषण, माझा नवरा, देवपूरला नोकरीच्या जागी. तो शनिवारी यायचा आणि आईपुढे मांजर व्हायचा.

सल्ले तर बाळंतपणापासूनच सुरू होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, खसखस. सगळं खाल्लं. माझं वजन वाढलं, किरणचं नाही.

किरण म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा दोन किलो आठशे. वाटीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं तर काटा दोन किलो सातशे चाळीसवर थांबला. तीन आठवड्यांत साठ ग्रॅम कमी.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे एकेक विचारलं. दिवसातून किती वेळा पाजता? पाच-सहा. का? सासूबाई म्हणतात, आधी भरू द्यावं, मग पाजावं. मधे काय देता? घुटी, दर वेळी पाजायच्या आधी, तीन-चार चमचे.

"म्हणजे पोट घुटीनं भरतं आणि ओढायची वेळ आली की बाळ झोपतं," त्या म्हणाल्या. "घुटी बंद. भरायची वाट बघायची नाही. बाळ जितकं ओढेल तितकं तयार होतं. दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा घ्या." तिथल्या सिस्टरनं बाळाला नीट कसं धरायचं, तोंड मोठं उघडल्यावरच कसं लावायचं ते दाखवलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ दिवस देते. पुढच्या मंगळवारी दोनशे ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करू. त्यात लाजण्यासारखं काही नाही, काहींना खरंच पुरत नाही. पण तुम्हाला अजून नीट संधीच मिळालेली नाही."

डब्यातल्या दुधाशी माझं वैर नव्हतं. पोर उपाशी राहण्यापेक्षा डबा हजार वेळा बरा. पण मला तिला अंगावर पाजायचं होतं. मनापासून हवं होतं. आणि संधी मिळाली नाही म्हणून डबा आणायचा, हे मला मुळीच मान्य नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि सहाणेवर घुटीचं हळकुंड उगाळत विचारलं, "तुनी डॉक्टरनीकडे कितल्या म्हशी शेतस?"

दोन दिवस तसेच गेले. मी पोर जवळ घेतली की कुणीतरी आत यायचं. "येतंय का?" विचारायचं. माझे खांदे कानाला लागायचे, किरण दोन मिनिटं धडपडायची, रडायची, की सासूबाई तिला उचलून पाळण्यात. "भरू दे, मंग पाज." गुरुवारी दुपारी मी आणि माझी लेक दोघी एकदमच रडलो.

त्या संध्याकाळी मी मागच्या दाराशी बसले होते, किरण मांडीवर. समोर गोठा. सासूबाई चंद्री म्हशीखाली बादली घेऊन बसलेल्या. तेवढ्यात माझे सासरे, लोटन आबा, शेजारगावच्या दोन पाहुण्यांना म्हैस दाखवायला घेऊन आले. पाहुणे मोठ्यानं बोलत होते. चंद्रीनं कान उभे केले, पाय झाडला आणि धार बंद.

सासूबाई कडाडल्या. "सरका मांगे! परका मानूस दखाना का दूध चढाई लेस ती! तुमले इतलं बी समजस नही?"

आबा पाहुण्यांना घेऊन मुकाट निघाले. सासूबाईंनी पारडू सोडलं. ते ढुशा देत लुचू लागलं. त्या चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, काहीतरी गुणगुणत, अगदी मऊ आवाजात. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळानं चंद्रीनं डोळे मिटले आणि पान्हा सोडला. मग पारडू बाजूला बांधून त्यांनी बादली लावली.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. राग म्हणा, अक्कल म्हणा.

"आई," मी म्हणाले, "म्हैस पान्हा चोरते, तेव्हा तुम्ही वाटी घेऊन बसता का?"

"काय म्हनस तू?"

"तिला बघायला चार बायका बोलावता? आधी पारडू लावता ना तिला? मग माझं पारडू पाळण्यात का? त्या दिवशी तुम्ही सगळ्या वाकून बघत होतात, आई. मी पण चढवून घेतलं असेल."

बोलून गेले आणि जीभ चावली. या घरात सासूबाईंना म्हशीवरून शिकवणारं आजवर कुणी जन्मलं नव्हतं. त्यांनी धार काढणं थांबवलं नाही. बादली भरली, फेसासकट उचलली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. बिघडलं सगळं, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी जाग आली तर खोलीच्या दाराला जुनं नऊवारी लुगडं पडद्यासारखं टांगलेलं. सहाण माळ्यावर गेलेली. उशाशी पाण्याचा तांब्या, बाजरीची भाकरी आणि दूध. पाळणा बाहेर ओसरीवर नेऊन ठेवलेला, त्यात तुरीची डाळ वाळत घातलेली! आणि उंबऱ्याशी सासूबाई, हातात म्हशीची काठी घेऊन.

"आते कोनी मझार जावानं नही," त्यांनी ओसरीला आत यायची बंदी केली. ओसरीवर फक्त आबा होते.

मी किरणला जवळ घेतलं. सिस्टरनं शिकवलं तसं धरलं. बाहेर चपला वाजल्या. भिकुबाई.

"पोरले देखी येस जराशी."

"सांजले ये."

"दोन मिनिट व माय!"

"भिकुबाई, तू दखानी का मनी वहू दूध चढाई लेस. सरक मांगे!" आणि काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज. भिकुबाईंच्या चपला आल्या त्याच्या दुप्पट वेगानं परत गेल्या.

मला हसू फुटलं. पंचवीस दिवस कोंडलेलं हसू, आवरेचना. हसता हसता खांदे खाली आले आणि छातीत मुंग्यांसारखं काहीतरी सरसरलं. किरणचं चोखणं एकदम बदललं. घुटुक, घुटुक, घुटुक. मला तिचे घोट ऐकू येत होते! दुसऱ्या बाजूनं ब्लाउज भिजला, ओघळ पोटावर आला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"आई! येतंय!" मी ओरडले.

लुगड्यापलीकडून त्याच मऊ आवाजात उत्तर आलं, "गडबड नको करू. पिऊ दे तिले."

मंगळवारपर्यंत किरण रात्रंदिवस माझ्या अंगाला चिकटून होती. झोप नाही, वेणीफणी नाही. सासूबाई मला भरवत होत्या, लंगोट धूत होत्या आणि उंबरा लढवत होत्या. शनिवारी आलेल्या भूषणलाही तास-तास बाहेर बसवलं त्यांनी.

मंगळवारी काट्यावर ठेवायच्या आधी त्यांनी स्वतःच किरणचे वाळे काढले, कंबरेचा करदोटाही सोडला. खोटा एक ग्रॅम नको होता त्यांना. सिस्टरनं आकडा वाचला. दोन किलो नऊशे नव्वद.

"आखो एक डाव मोज, ताई," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. अडीचशे ग्रॅम! डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा वरच्या दुधाचा मुद्दा खोडला आणि विचारलं, "काय केलंत?" मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या.

गावात रिक्षा शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. पाराजवळ नेहमीच्या बायका डाळ निवडत बसलेल्या, त्यात भिकुबाई, माझी जाऊ, त्या बिननावाच्या दोघीही. सासूबाईंनी रिक्षा तिथेच थांबवली. उतरल्या. पदर खोचला.

"मी बठ्ठासना मोरे सांगं व्हतं, मनी वहूले दूध नही शे," त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या गल्लीला जाईल असा. "ते खोटं व्हतं. दूध व्हतं, माले काढता उनं नही. चूक मनी. सात दिनमा अडीचशे ग्राम!"

चाळीस वर्षांत झुंबरबाई दुधाच्या बाबतीत चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता त्या स्वतःच सांगत होत्या. मला वाटलं होतं, त्या असं कबूल करतील तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटेल. वाटलं तर खरं. पण त्याहून जास्त त्यांचाच अभिमान वाटला.

मी खाली उतरले, तेवढ्यात किरण रडली आणि पाराच्या सगळ्या बायकांसमोर माझ्या पदरावर दोन ओले डाग पसरले. भिकुबाई तोंडाला हात लावून बघतच राहिल्या. मी पदर सावरला नाही. सासूबाईंनी धुळ्यालाही सोबत नेलेली म्हशीची काठी रिक्षातून ओढून काढली आणि आमच्यापुढे घराकडे चालू लागल्या.