बासरी खिडकीपाशी हवी

शेवटी कानसेनाचे दोन्ही कान ठणठणीत निघाले आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. असं काहीही घडलेलं नाही. चेहऱ्यावर जरा काळजी आणा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा कानसेन आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसलाय, समोर दोन उंच स्पीकर उभे आहेत आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालंय.

बासरी खिडकीपाशी नव्हती.

तीन वाद्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग कानसेनाने कॉम्प्युटरवर तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. खुर्चीत बसून डोळे मिटले, की उजवीकडे खिडकीच्या पडद्यापाशी बासरी, डावीकडे पुस्तकांच्या कपाटाला टेकून व्हायोलिन आणि मधे पियानो. इतकं स्वच्छ, की बायको एकदा कपाट उघडायला आली तेव्हा त्याने डोळे न उघडता व्हायोलिनवाल्याला "जरा पुढे सरका" म्हटलं होतं. आज तिघंही मधोमध बसले होते. एकमेकांच्या मांडीवर. पासपोर्टचा फोटो तिघांत एकच काढायचा ठरल्यासारखे.

त्याने तारा काढून उलट लावल्या. फरक शून्य. हेडफोन लावला, तर तिघं उठले आणि त्याच्या डोक्यात जाऊन बसले, तिथेही मधोमध. फोनवर लावून बघणं हा साधा उपाय होता, पण फोनवर संगीत ऐकणारा माणूस उद्या भिंतीला कॅलेंडर लावून त्याला चित्र म्हणेल, असं त्याचं मत होतं आणि संकटात मत सोडायचं नाही, असंही मत होतं.

म्हणजे दोनच शक्यता. कॉम्प्युटर बिघडला, किंवा कान. दुसरी शक्यता मनात आली, तिला त्याने दारातूनच वाटेला लावलं. ती गेली नाही. जिन्यात बसून राहिली.

आता कानसेन कोण, ते सांगायला हवं. पंख्यांच्या कारखान्यात, शेवटच्या टोकाला, भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली होती. तयार झालेला प्रत्येक टेबलफॅन आधी त्या खोलीत यायचा. तो फिरायचा, कानसेन ऐकायचा आणि मग म्हणायचा, "डावीकडची जाळी सैल आहे," किंवा "उजव्या बाजूचा स्क्रू कुरकुरतोय." झाकण उघडलं, की उजव्या बाजूचा स्क्रू खरोखर कुरकुरत असायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या स्लिपवर होतं म्हणे, पण ते वाचून खुद्द खजिनदाराने "हा कोण?" असं विचारलं होतं. पन्नाशीला टेकलेला कानसेन डावं-उजवं ओळखण्याचा पगार घ्यायचा. आणि पुढच्या सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरकडे कानांची तपासणी होती. त्यात नापास झालेल्याची रवानगी पॅकिंगला. तिथे दिवसभर चिकटपट्टी ओढायची. त्या आवाजाची दिशा कोणी विचारत नाही.

घरात त्याने यातलं अवाक्षर काढलं नाही. फक्त मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि न बिघडलेल्या कॉम्प्युटरबद्दलही त्याची मतं होती.

"भाऊजी, साधी गोष्ट आहे," मेव्हणा म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर एका वेळी शंभर कामं करतो. तुमचं गाणं हे त्याचं एकशे एकावं. त्याचं लक्ष आहे का तुमच्या बासरीकडे?"

"मग करायचं काय?"

"एकेक काम बंद करा. प्रिंटर, अपडेट, शोधाशोध, सगळं. सिस्टीम हलकी झाली, की आवाज मोकळा होतो. लोक जगभर करतात."

"आणि नाही झाला मोकळा तर?"

"तर अजून काहीतरी चालू राहिलं असेल."

या सल्ल्याचा गुण असा, की तो कधी चुकू शकत नव्हता. कानसेनाला त्या आठवड्यात असाच सल्ला हवा होता.

त्याने मंगळवारी प्रिंटर बंद केला. बासरी हलली नाही. बुधवारी आपोआप होणारे अपडेट, फायली शोधणं आणि हवामान बंद केलं. गुरुवारी पडद्यावरचं डोंगराचं चित्र काढून काळा रंग लावला, कारण डोंगर दाखवायलाही मेहनत पडतेच. मग घड्याळ इंटरनेटशी जुळवून घेणं बंद केलं, तर आतली बॅटरी संपलेलं ते घड्याळ मागच्या महिन्यात जाऊन बसलं. शुक्रवारी कॉम्प्युटर सोडून तो घरात उतरला. भिंतीवरचं घड्याळ गॅलरीत गेलं. फ्रिज गाणं संपेपर्यंत बंद. प्रत्येक वेळी तो खुर्चीत बसायचा, डोळे मिटायचा, आणि प्रत्येक वेळी ते तिघं मधोमध, आणखी दाटीवाटीने.

"अहो," बायको म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि तिच्या हातात उद्याची प्रश्नपत्रिका होती, म्हणजे असायला हवी होती. "प्रिंटर म्हणतो, तो या घरात नाहीच."

"त्याला विश्रांती दिलीय."

"मुलांना प्रश्न काय तोंडी विचारू? आणि हा कॉम्प्युटर अजून गेल्या महिन्यात का आहे?"

"त्याला तारखेचं टेन्शन नको म्हणून."

"मलाही नको आहे," बायको म्हणाली. "मलाही बंद करता का जरा, शनिवार-रविवार?"

तो हसला नाही. एरवी हसला असता. बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मग वही घेऊन प्रश्न हाताने उतरवायला बसली. सतरा वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की या माणसाचा आवाज बारीक झाला की वाट पाहायची.

घरात खूश अशा एकट्या सासूबाई होत्या. त्या लेकीकडेच राहायच्या आणि दुपारी, घर रिकामं असताना, त्याच कॉम्प्युटरवर जुन्या श्रुतिका ऐकायच्या. "जावईबापू, तुम्ही काय जादू केलीत?" त्या म्हणाल्या. "आता मधे ती हवामानाची पाटी येत नाही. अगदी छान ऐकू येतं बघा."

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला सोडून सगळ्यांना छान ऐकू येत होतं. कानसेनाने मान डोलावली आणि तोंड फिरवलं.

कारखान्यात तर हाहाकार उडाला. कान खरे की खोटे, हे कळेना म्हणून तो प्रत्येक पंखा परत पाठवू लागला. डावीकडून आवाज आला, तर वाटायचं, हा उजवीकडचा तर नसेल? नाहीच आला, तर वाटायचं, आपल्यालाच आला नसेल. खोलीबाहेर नापास पंख्यांची रांग लागली.

फोरमन आत आला. "कानसेन, सकाळपासून एकसुद्धा पास नाही? अरे, पंखे आहेत, वकिलीची परीक्षा नाही."

"शंका आहे."

"कोणावर?"

कानसेनाने फोरमनच्या आवाजाची दिशा मनात तपासून घेतली. समोरून. बहुतेक.

आता या सगळ्या उठाठेवीत एक गोष्ट राहून गेली होती आणि ती चुकून राहिली नव्हती. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये कानसेन सगळी पानं फिरला. आवाजाचं, विजेचं, पडद्याचं, ज्यांचा अर्थ मेव्हण्यालाही सांगता आला नाही अशी पानं. फक्त एका पानावर तो गेला नाही. त्यावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सुलभता'. ज्यांना नीट दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी. इस्पितळावरून जाताना लोक उगाच दुसऱ्या बाजूच्या दुकानांकडे बघतात, तसा तो त्या पानावरून सरकायचा. आज उघडलं आणि उद्या लागलंच तर? त्यापेक्षा हवामान बंद करणं बरं.

रविवार आला. उद्या तपासणी. मेव्हणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, मग शेवटचा उपाय. सगळं पुसा. पहिल्यापासून नवीन सिस्टीम टाका, नुसती गाण्यापुरती. घरच्यांना तेवढं विचारा, कोणाचं काही ठेवायचंय का."

दुपारी जेवणं झाल्यावर कानसेन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "मी कॉम्प्युटर पूर्ण पुसतोय. कोणाचं काही ठेवायचं असेल तर आत्ताच सांगा."

"माझा प्रिंटर," बायको म्हणाली. "आणि हा महिना."

सासूबाई भांडी पुसत होत्या. "माझं काही नाही. ते एका कानाचं बटण तेवढं राहू द्या."

"कसलं बटण, आई?"

"एका कानाचं. मी श्रुतिका ऐकते ना, तेव्हा हेडफोन अर्धाच लावून डावा कान त्यांना देते. उजवा मोकळा. घरात एकटी असते, बेल वाजते, दूध वर येतं, कोणीतरी एका कानाने घरात असायला नको? पण ते दळभद्री नाटक असं केलेलं, की नवरा डावीकडून बोलतो आणि बायको उजवीकडून. मला नुसता नवरा. तासभर एकटाच भांडतोय हो! बायको एका शब्दाने उत्तर देत नाही. मी म्हटलं, हे कुठल्या घरातलं नाटक?"

"आमच्या नाही," बायको म्हणाली.

"मग शोधलं. दोन्हीकडचं एकत्र करायचं बटण आहे तिथे. स्वच्छ मराठीत लिहिलंय. दाबलं, तर ती पण बोलायला लागली. आणि काय बोलते म्हणून सांगू!"

कानसेनाने चौकट धरली. "हे केव्हा दाबलंत?"

"झाले की आठ-दहा दिवस. का? काही बिघडलं का?"

त्याने नुसताच हात बाहेरच्या खोलीकडे केला. सासूबाई फडक्याला हात पुसत आल्या, काळ्या पडद्यासमोर बसल्या आणि सरळ त्या हात पसरलेल्या माणसावर गेल्या. शेजाऱ्याच्या घरात जावं इतक्या सहज. "हे बघा. मोनो ऑडिओ. चालू."

"आई," कानसेन खुर्चीत बसत म्हणाला, "बंद करा."

रेकॉर्डिंग त्याने आधीच लावलं होतं. सासूबाईंनी बटण दाबलं.

बासरीवाला उठला. अंग चोरून, इतके दिवस दुसऱ्याच्या मांडीवर बसायला लागलेल्या माणसासारखा ताठरत तो खिडकीपाशी गेला. व्हायोलिन कपाटाला टेकलं. पियानोला, बिचाऱ्याला, पहिल्यांदा हात पसरायला जागा मिळाली. कानसेनाने डोळे मिटले होते तरी त्यातून पाणी आलं, आणि ते कोणत्या डोळ्यातून जास्त येतंय हेही त्याला ओळखता आलं.

"पुन्हा चालू करा."

तिघं मधे.

"बंद."

तिघं आपापल्या जागी.

"चालू. बंद. चालू."

"दिवा आहे का हो तो?" सासूबाई वैतागल्या. "बटण झिजेल की."

"ते झिजत नाही, आई," तो म्हणाला आणि एवढा मोठ्याने हसला की बायको आतून धावत आली. मग त्याने तिला सगळं सांगितलं. कारखाना, पॅकिंग, चिकटपट्टी, जिन्यात बसलेली शक्यता. बायको ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे एवढ्यासाठी मी तीन वर्गांचे पेपर हाताने लिहिले?" पण हे म्हणताना तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो उजवीकडून डावीकडे गेला, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

संध्याकाळ सगळं परत सुरू करण्यात गेली. प्रिंटरने घरातलं आपलं अस्तित्व मान्य केलं. कॉम्प्युटर चालू महिन्यात आला आणि आल्याआल्या त्याला एवढे अपडेट सापडले की तो बराच वेळ कोणाशी बोललाच नाही. मेव्हण्याचा फोन आला, "काय भाऊजी, पुसलं का सगळं? फरक पडला?"

"फार," कानसेन म्हणाला. "तुझी आई चालू राहिली होती."

सोमवारी त्याने आधी नापास पंख्यांची रांग आत घेतली. एकेक जण निर्दोष सुटला. फक्त एकाची डावीकडची जाळी खरंच सैल होती. फोरमनने नुसतं "बरं वाटतंय ना?" म्हणून खांद्यावर थाप मारली. मग तो डॉक्टरकडे गेला. काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. आवाज आला की हात वर करायचा. कानसेनाने सगळ्या शिट्ट्यांना हात वर केला, आणि एकदा शिट्टी नसतानाही.

"आत्ता काही वाजलं नव्हतं," काचेपलीकडून तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

"तुमच्या खुर्चीचं मागचं उजवं चाक," कानसेन म्हणाला.

बाईंनी खुर्ची हलवून बघितली आणि मुकाट्याने शिक्का मारला. अहवालावर एकच ओळ होती. 'श्रवणक्षमता वयाच्या मानाने उत्तम.' कानसेनाने ती बसस्टॉपवर उभं राहून कितीतरी वेळा वाचली, घरी नेऊन दाखवली, सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली, बायकोने पुन्हा एकदा वाचली. तो इतका हलका झाला होता, की कुठेतरी खुसपट काढण्याइतपत जीव त्याच्या अंगात आला. त्याच रात्री जेवायच्या आधी त्याने कागद ओढला आणि लिहिलं:

मा. वैद्यकीय अधिकारी यांस,

विषय: श्रवण अहवालात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय, अर्जदाराचे दोन्ही कान आपण उत्तम ठरविल्याबद्दल अर्जदार, त्याची पत्नी व सासूबाई आपले आभारी आहेत. तथापि सदर अहवालातील 'वयाच्या मानाने' हे शब्द अनावश्यक असून ते वगळण्यात यावेत, ही नम्र विनंती. शब्द वगळणे नियमात बसत नसल्यास अर्जदाराचे वय योग्य त्या प्रमाणात कमी करून तसे लेखी कळविण्यात यावे.