उकळत्या हंडीपुढच्या रांगेत

हसू नका मित्रांनो, पण मी एका कडीने वाकडा झालेला जुना तांब्याचा टोप आहे. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात, क्लारा आजीच्या चुलीवर माझी उमेदीची वर्षं गेली. आजी ज्यू होती, पण घराबाहेर त्याची वाच्यता नव्हती. ज्यूंना वर्ज्य असलेलं डुकराचं मटण शेजाऱ्यांसारखंच माझ्यात रटरटायचं. रविवारी माणसं बोटं चाटायची आणि मी फुशारून जायचो.

आजी गेली आणि मी माळ्यावर पडलो. कुणी विचारलंसुद्धा नाही. मग एक दिवस तिची नात मिकाएला म्हणाली, "मी जेरुसलेमला चाललेय, कायमची. आपले लोक कसे राहतात ते मला तिथे राहून बघायचंय." कपडे कमी घेतले तिने, पण मला उचललं.

इथे आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारच्या सिम्हामावशी मिकाएलाला प्रेमाने खाऊ घालायच्या, पण तिच्याकडे पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत. "राग मानू नकोस गं बाई, पण तुझी भांडी कोशर नाहीत, आपल्या धर्माच्या नियमात बसत नाहीत. त्यात काय काय शिजलंय देव जाणे!" देवाचं सोडा, मलाही माहीत होतं. ज्यूंचा वल्हांडणाचा, म्हणजे पासओव्हरचा, सण आला तेव्हा मिकाएलाने ठरवलं, आजीच्याच टोपात रस्सा करायचा आणि मावशींना जेवायला बोलवायचं. दुसरं होतंच कोण तिला या शहरात?

सणाआधी आमच्या गल्लीत भलीमोठी हंडी उकळत ठेवतात. धातूचं भांडं त्यात बुडवलं की मागचं सगळं सुटतं आणि ते कोशर होतं. मिकाएलाने मला इतकं घासलं की कडीचे खिळेसुद्धा चमकले. रांगेत मात्र मी पुढच्या प्रत्येक भांड्याचं काय होतं ते बघत होतो. पुढच्या बाईचं मातीचं भांडं हंडीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूंनी, रब्बी मेनाशेंनी, परत केलं. "मातीला हे लागू नाही. पुढे!" आता माझीही रवानगी कचऱ्यात, मला वाटलं.

रब्बींनी मला उलटासुलटा करून बघितलं. "छान घासलायस. चोवीस तास रिकामा ठेवलास ना? काही शिजवलं नाहीस?"

काल संध्याकाळी सवयीने तिने माझ्यात सूप गरम केलं होतं. हे फक्त तिला आणि मला ठाऊक. दुपारी हंडी उचलणार होते, आणि मागे सिम्हामावशी उभ्या. "नाही म्हण गं पोरी," मी आतल्या आत ओरडत होतो, "कोण बघायला आलं होतं!"

"काल सूप गरम केलं," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच राहिलं नाही." तिला रडू फुटलं.

"मग आत्ता नाही चालणार," रब्बी म्हणाले आणि त्यांनी मला तिच्या हातात परत दिलं. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात सिम्हामावशींनी मला तिच्याकडून ओढूनच घेतलं. "रडतेस काय वेडे? संध्याकाळी भरतात की चोवीस तास! माझ्या घरी पाणी उकळू. आणि सणाला मी तुझ्याकडेच जेवणार. एवढ्याशा सुपासाठी जी खोटं बोलली नाही, तिच्या हातचं मी डोळे मिटून खाईन."

त्या संध्याकाळी मी चांगलाच पोळलो. पण सणाच्या जेवणात मावशींनी दोनदा रस्सा मागून घेतला, वर "मीठ कमी पडलंय गं" हेही ऐकवलं.

मित्रांनो, जुना टोप मोडीत घालण्याआधी एकदा घासून बघा. आणि शेजारी कुणी नवखं राहायला आलं, तर त्याच्या भांड्यात आधी काय शिजलं ते नुसतं विचारत बसू नका. आपल्या चुलीवर थोडं पाणी उकळायला ठेवा.